पुराव्यासह उशीर

मी शिस्तीचा माणूस आहे, हे मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगत नाही. गेली चौदा वर्षं मी रोह्याजवळच्या अष्टमीहून एसटीने पेणला जातो आणि तिथल्या एका कॉलेजात बी.ए.च्या मुलांना अर्थशास्त्र शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. ज्यांना हे तत्त्व ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तास चालू असतो तोवर मी प्राध्यापक, घंटा झाली की कुणी नाही, आणि दर जूनमध्ये प्राचार्यांची मर्जी झाली तर नेमणुकीचं पत्र पुन्हा नव्याने हातात पडतं. स्टाफरूममध्ये मला माझी खुर्ची नाही. जी रिकामी असेल ती माझी. अशा माणसाकडे हक्काची म्हणावी अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण. ते द्यायचे की नाही हे मी ठरवतो, असं निदान मला वाटत होतं.

या वीस गुणांसाठी मुलांनी एक गृहपाठ द्यायचा असतो, आणि मुलं तो देत नाहीत. दोन वर्षांपूर्वी एकसष्टपैकी चौघांनी वेळेवर दिला. बाकीच्यांनी सवडीने दिला. एकाने तर निकाल लागल्यावर, वडखळला एका लग्नाच्या पंगतीत, मी जिलबीचा पहिला घास घेत असताना पानाशेजारी आणून ठेवला आणि वर पाया पडला. समोर बसलेल्या वरमाईला वाटलं की आहेर आहे. त्याच दिवशी मी ठरवलं की आता पुरे झालं.

पुढच्या वर्षी तृतीय वर्षाला मी विषय दिला, ‘माझ्या गावातील रोजगार’. वीस पानं, हाताने लिहिलेली, आणि शेवटची तारीख वीस ऑगस्ट, संध्याकाळी पाच. सूचना फलकावर लावायला शिपाई सखाकडे कागद दिला, तर त्याने तो वाचला. शिपायाने सूचना लावायची असते, वाचायची नसते, पण सखा वाचतो. म्हणाला, सर, वीस नको, गणपती सत्तावीसला हायत, पेणात आता लहान पोराचासुद्धा हात मोकळा नाय, महिनाभर पुढं टाका.

मला त्याचा राग आला. चौदा वर्षं नोकरी करून आता शिपायाने मला वेळापत्रक शिकवायचं राहिलं होतं. आम्ही रोहेकर दरवर्षी पेणहून मूर्ती आणतो, पाटावर बसवतो, आरती म्हणतो. ती मूर्ती कुणी घासली, कुणी रंगवली, ती माणसं त्या दिवसांत कुठे जेवली, कुठे झोपली, हा विचार मी एकदाही केला नव्हता. अर्थशास्त्र शिकवत होतो ना. मी सखाला म्हटलं, विद्यापीठ गणपतीला विचारून चालत नाही. त्याने मान हलवली आणि सूचना लावली, तीही जरा वाकडी.

संध्याकाळी अष्टमीत आमच्या बिल्डिंगच्या गॅलरीत मी हा विषय काढला, ही माझी दुसरी चूक. शेजारचे बाबाजी निवृत्त ग्रामसेवक. त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण शिक्क्याची शाई अजून बोटांवर असल्यासारखे ते बोलतात. त्यांनी सांगितलं की तारीख वगैरे ठीक आहे, पण खरं हत्यार म्हणजे पुरावा. उशीर झाला? हरकत नाही. सही-शिक्क्यासह लेखी पुरावा आण. कागद मागितला की निम्मी माणसं घरीच बसतात, अख्खी पंचायत आपण त्याच्यावर चालवली, असं ते मोठ्या अभिमानाने म्हणाले. खालच्या मजल्यावरच्या इंदुबाई लसूण सोलत होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच की पोरांना गुण द्यावेत नि मोकळं व्हावं, तुमच्या घरचे जातात काय? माझी बायको नम्रता म्हणाली की सखा शहाणा दिसतो. तिघांपैकी मला फक्त बाबाजींचं पटलं. जो सल्ला आपल्याला साहेब करतो तो माणसाला लगेच पटतो.

मी नियम लिहिले. कॉलेजातली जुनी तक्रारपेटी स्वच्छ केली. तिच्यात दोन रजेचे अर्ज, एक लग्नपत्रिका आणि मेलेली पाल निघाली, तक्रार एकही नाही. पेटीला कुलूप लावायचं, वीस तारखेला पाचला फट बंद करायची, नंतर आलेला गृहपाठ पुराव्यासह असेल तरच घ्यायचा आणि पुरावा नसेल तर शून्य. कागद प्राचार्यांकडे सहीला नेला तेव्हा माझी अपेक्षा होती की ते तो टेबलावर ठेवतील आणि विसरतील. पण त्यांचे डोळे चमकले. फेब्रुवारीत कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती यायची होती आणि फाईलमध्ये ‘उत्तम प्रथा’ या सदरात लिहायला काहीच नव्हतं. मागच्या वेळी वृक्षारोपण लिहिलं होतं, पण झाडं जगली नाहीत. प्राचार्यांनी माझ्या नियमाला ‘विलंब व्यवस्थापन’ असं नाव दिलं आणि मी पेटीला कुलूप लावताना फोटो काढायला लावला. चौदा वर्षांत कॉलेजने काढलेला माझा हा पहिला फोटो. कबूल करतो, मला फार बरं वाटलं. घरी जाऊन तो मी नम्रताला तीनदा दाखवला.

वीस ऑगस्टला पाच वाजता सखाने पेटी उघडली. नऊ गृहपाठ निघाले. मी स्वतःशी म्हटलं, चार होते ते नऊ झाले, शिस्त रुजते आहे. मग वाचायला बसलो. पहिली मुलगी अपेक्षा, तिचं गाव गागोदे बुद्रुक. भात, वाल, विनोबांचं जन्मघर बघायला येणारे लोक, सगळं व्यवस्थित. दुसरा मुलगा वाशी नाक्यावरचा, त्याचंही गाव गागोदे बुद्रुक. तिसरा डोलवीचा, जन्म गागोद्याचा. सातव्यापर्यंत पोचलो तेव्हा सगळा तालुका गागोद्यात राहायला गेला होता. एकाने तेवढं डोकं लढवून गावाचं नाव बदललं होतं, पण आतला मजकूर तसाच ठेवल्याने त्याच्या खाडीकाठच्या गावाला भलामोठा डोंगर आला होता. चौकशी केली तेव्हा कळलं की अपेक्षाने आपला गृहपाठ स्टँडसमोरच्या मोरूच्या झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल करायला दिला होता आणि मोरूने तो जनहितार्थ सर्वांना खुला केला.

मी तणतणत प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, वेळेत आले ना? मग प्रश्न कुठे आहे? नक्कल हा वेगळा विषय आहे, त्याला वेगळी समिती लागेल, ती पुढच्या वर्षी बघू. नऊही जण पास झाले. मी स्वतःच्या हाताने त्यांना बारा-बारा गुण दिले, कारण नियमात गावाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

मग पुरावे यायला लागले. बाबाजींचा अंदाज साफ चुकला. कागद मागितल्यावर कुणी घरी बसलं नाही, उलट सगळे कामाला लागले. डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर असलेल्या ऋत्विकने ठेकेदाराचं पत्र आणलं. पोराची पाळी रात्रीची होती आणि ते पत्र खरं होतं. खरं असलेलं ते शेवटचं पत्र. त्यानंतर अकरा मुलांना एकाच आठवड्यात कावीळ झाली, एकाच डॉक्टरकडे, एकाच अक्षरात. चौघांच्या आज्या वारल्या. त्यातल्या एकीला मी आदल्या रविवारी पेणच्या बाजारात सुकट घेताना बघितलं होतं. खारेपाटातल्या एका मुलाने तर कमाल केली. उधाणाने बांध फुटून त्यांच्या शेतात खारं पाणी शिरलं होतं, ते खरंच शिरलं होतं, आणि तलाठी पंचनाम्याला आले होते. या पठ्ठ्याने नुकसानीच्या यादीत भाताच्या खाली लिहून घेतलं: गृहपाठ, नग एक, पूर्णतः बाधित. खाली पंचांच्या सह्या.

प्राचार्य खूश. एवढे कागद त्यांच्या फाईलने कधी बघितले नव्हते. लगेच ‘विलंब पुरावा पडताळणी समिती’ निघाली आणि पुराव्यांसाठी पेटीची फट पुन्हा उघडली. ते अध्यक्ष, मी सदस्य-सचिव. सचिव म्हणजे कागदांना भोकं पाडून दोरा ओवणारा. अष्टमीत बाबाजींनी पेढे मागितले, आणि मी दिले.

गौरी-गणपतींचं विसर्जन झाल्यावर कॉलेज उघडलं, त्या पहिल्या दिवशी निशिगंधा आली. निशिगंधा रघू म्हात्रे, शेवटच्या बाकावर बसणारी, वर्गात फारसं न बोलणारी. तारीख उलटून चौदा दिवस झाले होते. तिने माझ्यापुढे बत्तीस पानं ठेवली, सुतळीने शिवलेली. तिच्या बोटांच्या पेरांत काळा रंग होता. तो नखांखाली इतका बसला होता की लवकर निघणार नव्हता.

मी विचारलं, पुरावा? ती म्हणाली, पुरावा नाय सर. ती पाच वर्षं गणपतीच्या कारखान्यात आखणीला जाते, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायला. ते काम सगळ्यात शेवटी असतं आणि ते सगळ्यांना जमत नाही, त्यामुळे मूर्ती गाडीत चढेपर्यंत आखणीवालीला उठता येत नाही. शेठकडे ती कागद मागायला गेली होती. शेठ म्हणाला, तुझं नाव कुठं लिहिलेलंच नाय, तर मी लिहून काय देऊ? आणि दिलं तर उद्या बाकीच्या बायका पण मागतील. हे सगळं तिने तक्रारीच्या सुरात नाही, हवापाणी सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाली, “सर, सगळं त्याच्यात लिवलंय. तोच पुरावा धरा.”

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, तीही मी विचारल्यावर. बापाने तिला शब्द दिला होता. एका दमात बी.ए. झालीस तर एम.ए.ला पनवेलला धाडतो, होस्टेल बघतो. नाय झालीस तर कारखाना हायेच. माझ्या वीसपैकी आठ गुण मिळाले नाहीत तर विषय जात होता, आणि विषय गेला की वर्ष जात होतं.

घरी येऊन मी ती बत्तीस पानं वाचली. जेवायचं राहिलं. कारखान्यात तेवीस माणसं, त्यातली एकोणीस बाया. कोण घासतं, कोण पांढरा मारतं, कुणाला बसायला पाट मिळतो आणि कोण दिवसभर उभं असतं. आई घासकामाला आणि मुलगी आखणीला, म्हणून एकाच घरात आईपेक्षा मुलीचा मान मोठा, आणि त्यावरून आई कशी आठ-आठ दिवस अबोला धरते. शेवटी एक तक्ता होता. काम करणारे तेवीस, ज्यांचं नाव कुठे लिहिलेलं आहे असे चार. मी चौदा वर्षं असंघटित क्षेत्र हा धडा शिकवतो. व्याख्या, वैशिष्ट्ये, समस्या, उपाय, सगळं पाठ. या पोरीने मला न विचारता तो धडा नव्याने लिहून आणला होता. मला आनंद झाला, आणि तो लगेच मावळला, कारण नियम माझाच होता.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना म्हटलं, एक अपवाद करू. ते म्हणाले, अपवाद केला तर ती प्रथा कसली? फाईल टाईप होऊन गेली आहे, तुमचा फोटो आहे तिच्यात. कसला तरी कागद लावायला सांगा तिला, मी डोळे झाकून सही करतो.

मी निशिगंधाला सांगितलं, झेरॉक्सवाल्या मोरूकडे जा, काविळीचे दाखले तोच लिहून देतो. हे मी सांगितलं, शिस्तीच्या माणसाने. ती म्हणाली, मी आजारी नव्हते सर, कामाला होते. आणि निघून गेली. मला तिचा संताप आला. अगं बाई, तुझ्यासाठी करतोय ना मी? एवढा ताठा परवडतो का आपल्याला?

मग मीच गेलो. छत्री पुढे धरून, तोंड झाकून, जसा काही गुत्त्यावर निघालोय. मोरूने ओळखलं. दुकानात माझेच चार विद्यार्थी उभे होते, त्यांच्यादेखत त्याने विचारलं, सर, कावीळ की टायफॉईड? टायफॉईडला विश्रांती जास्त मिळते. मी हळू आवाजात टायफॉईड म्हणालो. नाव काय घालू, म्हणाला. मी नाव सांगितलं. त्याने दाखला काढला, शिक्का मारला आणि वर म्हणाला की तुमच्या नियमामुळे यंदा धंदा बरा झाला, चहा घेऊन जा. मी चहा घेतला. तेवढीच अब्रू जायची राहिली होती.

तो दाखला मी गुपचूप पेटीत टाकला आणि समितीच्या बैठकीत बाकीच्या कागदांबरोबर काढला. काम संपलं असतं. पण प्राचार्यांना फाईलसाठी ‘विद्यार्थी-संवाद’ या मथळ्याखाली फोटो हवा होता, म्हणून त्यांनी त्या दिवशी कॉलेजात असलेल्या तिघांना आत बोलावलं. तिघांत निशिगंधा होती. प्राचार्य हसून म्हणाले, काय, आता बरं आहे ना? टायफॉईड म्हणजे जपायला हवं. सखाने मोबाईल धरला होता.

“मना टायफॉईड नव्हता सर,” ती म्हणाली. “मी आखणीला होते.”

प्राचार्यांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी दाखला उचलला, उलटसुलट करून बघितला. मग हा कुणी आणला, असं त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, मी नाय आणला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. सखानेही बघितलं. मोरूच्या दुकानाची बातमी पेणात सगळ्यांना होती, त्यालाही असणारच.

मला भीती वाटली. मोठ्या कारणांची नाही. जूनच्या पत्राची, बाबाजींना काय सांगायचं याची, त्या फोटोची. खोटा दाखला आणणारा मास्तर म्हणून उद्या स्टाफरूममध्ये रिकामी खुर्चीही मला मिळाली नसती. “पेटीत सापडला,” मी म्हणालो. आणि हे तांत्रिकदृष्ट्या खरं आहे, असंसुद्धा मी त्या क्षणी मनात म्हटलं.

निशिगंधाला कळलं होतं, ते तिच्या तोंडावर दिसलं. मोरूकडे जा म्हणून सांगणारा मीच होतो. तिने एक वाक्य उच्चारलं असतं तरी मी संपलो असतो. तिने ते उच्चारलं नाही. प्राचार्यांनी शेरा लिहायला सांगितलं, तो मीच लिहिला, सचिव होतो ना: विनापुरावा विलंब, बनावट दाखला, शून्य गुण. जाताना तिने विचारलं की निदान वही परत मिळेल का. प्राचार्य म्हणाले, नाही, फाईलला लागेल.

फेब्रुवारीत नॅकची समिती येऊन गेली. त्यांनी आमच्या प्रथेचं कौतुक केलं आणि फोटोतला तो माणूस मीच का, असं विचारलं. जूनमध्ये मला पत्र मिळालं. निकालात माझ्या विषयात एकूण एक मुलं पास झाली, गागोद्याची आणि काविळीची धरून, फक्त एक राहिली. या वर्षी मी शेवटची तारीख सप्टेंबरअखेर ठेवली. सखाने सूचना वाचली आणि सरळ लावली.

परवा, आषाढाच्या शेवटी, पेणच्या स्टँडवर रोह्याच्या गाडीची वाट बघत होतो, तर समोर निशिगंधा. खांद्याला डब्याची पिशवी, हाताला तोच काळा रंग, यंदा कोपरापर्यंत. आता ती बारमाही कारखान्यात असते. मला वाटलं ती तोंड फिरवील. मी तर माझं फिरवायच्या बेतात होतो. पण तीच जवळ आली आणि मी बरा आहे का, घरी सगळी बरी आहेत का, असं तिने विचारलं. वही मिळवून देईन म्हणून मी काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, राहू द्या सर, आता काय करायचीय ती. मग म्हणाली, “सर, वाचलेली काय ती तुमी?”

“वाचली. दोनदा वाचली.”

“मग किती दिले असते? खरं सांगा.”

मला तिला खूप काही सांगायचं होतं. तुझी माफी मागायची आहे, हे सांगायचं होतं. चौदा वर्षांत असा गृहपाठ माझ्या हातात आला नाही, हेही सांगायचं होतं. मी म्हणालो, “एकोणीस.”

तिचा चेहरा क्षणभर उजळला, वर्गात कधी बघितला नव्हता तसा. मग तिने विचारलं, “एक कशाचा कापला?”

“उशिराचा,” मी म्हणालो.